पोळी-भाजी चांगली आहेच, पण डबा घेऊन जा

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत हे पोळी-भाजी केंद्र आहे. त्याला वेगळं नाव नाही. पाटीवर तेवढेच शब्द आणि खाली बारीक अक्षरात ‘ऑर्डरप्रमाणे पुरणपोळी व उकडीचे मोदक’. जुन्या इमारतीचा तळमजला, समोर उंच ओटा, ओट्यावर स्टीलचं काउंटर, मागे दोन मोठे तवे आणि त्यांच्यामागे लाटणाऱ्या चार बायका. बसायला जागा नाही. घ्यायचं आणि घरी न्यायचं. मालकीणबाईंना सगळी गल्ली काकू म्हणते, मीही काकूच म्हणते.

मी रबाळ्याला एका औषध कंपनीत मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. संध्याकाळी ट्रान्सहार्बरच्या गाडीने ठाण्याला उतरायचं, पूल चढून पश्चिमेला यायचं आणि घरी जाता जाता पोळ्या घ्यायच्या, हा आमच्या घराचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे ही एकदा जाऊन आलेल्या माणसाची टिपणं नाहीत. चव सांगेनच, पण या दुकानाबद्दल लिहावंसं वाटलं त्याचं मुख्य कारण चवीपलीकडचं आहे.

आधी जेवणाचं. पोळी घडीची, आणि खरोखर घडीची. चौकोनी घडी घालून, मध्ये तेलाचं बोट आणि चिमूटभर पीठ भुरभुरून लाटलेली. तव्यावर फुगते, खाली काढल्यावर दोन्ही तळव्यांत धरून हलकेच दाबतात तेव्हा पदर सुटतात. सकाळी डब्यात भरलेली पोळी दुपारी दीड वाजता मऊच असते, कामाला जाणाऱ्या माणसाला याहून मोठी परीक्षा नाही. १२ रुपयांना एक. तूप लावून हवी असेल तर तसं सांगायचं, दोन रुपये जास्त. ज्वारीची आणि तांदळाची भाकरी २५ रुपये. तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने थापलेली, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली असते आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत संपते.

भाज्या रोज तीन: एक पालेभाजी, एक फळभाजी, एक उसळ. पालेभाजीत काकूंचा हात धरणारं मी तरी ठाण्यात पाहिलेलं नाही. अळूचं फतफतं श्रावणात करतात. त्यात शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे काप, चण्याची डाळ, मुळ्याच्या चकत्या आणि चिंच-गुळाचा असा तोल की भात जास्त लावावा लागतो. चाकवत ताकातला, अंबाडी भगर घालून आणि वर लसणाची चरचरीत फोडणी. उसळींमध्ये वालाचं बिरडं मागून घ्यावं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलणं हे काम घरोघरी बंद पडत चाललंय. इथे दुपारी दोन बायका परातीभोवती बसून तेच करत असतात. बटाट्याची भाजी मात्र साधारण. फ्लॉवर-मटारात तेल जास्त असतं, ते मी घेत नाही. पुरणपोळी चांगली आहे, पण माझ्या जिभेला तिच्यात गूळ थोडा जास्त वाटतो. आमच्या सासऱ्यांना तीच आवडते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

काकूंच्या दोन सवयी आहेत. पहिली माझ्या नजरेत लगेच भरली, कारण माझा पगार तेच बघण्यासाठी आहे. पैशांना हात लागला की अन्नाला हात लावण्याआधी त्या साबणाने हात धुतात. मनगटापर्यंत, बोटांच्या फटीतून, नखांच्या कडेने, आणि घाई न करता. जागतिक आरोग्य संघटनेने साबण-पाण्याने हात धुण्याचा पूर्ण वेळ ४० ते ६० सेकंद सांगितला आहे. कुठल्याही प्रशिक्षणात काकू कधी बसल्या नसतील, पण त्यांचे हात तेवढाच वेळ नळाखाली असतात. समोर दहा माणसं ताटकळत असली तरी. सॅनिटायझरची बाटली काउंटरवर नाही आणि ते योग्यच आहे, कारण हाताला पीठ-तेल लागलेलं असताना सॅनिटायझरचा उपयोग होत नाही, साबण आणि पाणीच लागतं. नोट आगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर टेकवून ३७ अंशांना रात्रभर ठेवली की दुसऱ्या दिवशी प्लेटवर काय उगवतं हे मी कॉलेजात असताना पाहिलंय. त्यानंतर पैसे घेतलेल्या हाताने पोळ्या मोजणारा माणूस दिसला की माझी भूक जाते. म्हणून हे दुकान मला पहिल्याच दिवशी आपलं वाटलं. हल्ली बहुतेक लोक मोबाइलवरूनच पैसे देतात, तरी रोख देणारे आहेतच, विशेषतः म्हातारी माणसं.

दुसरी सवय डब्याची. त्यांनी स्वतः पहिल्यापासून ठरवलंय की घरच्यासाठी काहीही आणायचं ते आपल्या भांड्यात. जांभळी नाक्यावर पहाटे भाजी घ्यायला जातात तेव्हा हातात कापडी पिशव्यांची चळत असते, दह्याला बरणी, तेलाला कॅन. दुकानातही त्या पिशवी पुढे करत नाहीत. आधी विचारतात, “डबा आहे का गं?” असेल तर तो वजनकाट्यावर ठेवतात, बटण दाबून काटा शून्यावर आणतात आणि मग भाजी घालतात. काट्याचा आकडा आपल्याकडे तोंड करून असतो. मिठाईच्या खोक्याचं वजन मिठाईत धरायचं नाही हा वजनमापाचा नियम आहे, पण किती दुकानांत तो पाळतात हे आपण सगळे जाणतो. इथे तुमचा डबा कितीही जड असो, पाव किलो म्हणजे पाव किलो भाजीच मिळते.

नसेल डबा, तरी तोंड वाकडं नाही. पोळ्या जाड कोऱ्या कागदात, भाजी झाकणाच्या कागदी डब्यात, त्याचे पाच रुपये. किंवा स्टीलचा डबा १०० रुपये अनामत ठेवून न्यायचा आणि परत करताना पैसे घ्यायचे. वर्तमानपत्राच्या कागदात काहीही बांधून देत नाहीत. त्याला तर २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांपासून बंदीच आहे, कारण छपाईच्या शाईतली रसायनं आणि शिसं गरम, तेलकट पदार्थात उतरतं.

आणि या सगळ्याबद्दल दुकानात एकही पाटी नाही. ‘पर्यावरण वाचवा’ नाही, ‘प्लास्टिक टाळा’ नाही. काकू कुणाला चार शब्द सुनावताना मी ऐकलेलं नाही. त्या फक्त विचारतात, “डबा आहे का?”

मी कामावरून येताना माझ्या बॅगेत सकाळचा रिकामा डबा असतोच. कँटीनमध्ये धुऊन आणलेला. तो मी पुढे केला, एवढंच. नंतर लक्षात आलं की सातच्या रांगेत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवरच्या बॅगेत असा डबा आहे. ठाण्याला संध्याकाळी उतरणारा नोकरदार डब्याशिवाय नसतो. फक्त तो दुपारच्या भाजीचा खरकटा असतो, म्हणून कुणी बाहेर काढत नव्हतं. काकूंनी यावर जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ओट्याच्या कडेला एक नळ काढला, खाली मोरीसारखी छोटी जागा बांधून घेतली, साबणाची वडी आणि घासणी ठेवली. रांगेत उभं असतानाच डबा धुऊन घ्यायचा. आधी एक-दोघे धुवायचे. मग त्यांच्या मागचे. आज सव्वासात वाजता जाऊन पाहा, नळाजवळ वेगळी छोटी रांग असते आणि तिथेच जास्त गप्पा चालतात.

एका माणसाच्या चांगल्या सवयीचा आजूबाजूच्यांवर खरंच परिणाम होतो का, यावर आमच्या घरी पुष्कळ वाद झालाय. माझे यजमान म्हणतात, यात प्रभाव वगैरे काही नाही, पाच रुपये वाचतात म्हणून लोक डबा काढतात. ते हिशेबनीस आहेत, त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण मग एक गोष्ट त्यांनाही सांगता येत नाही. याच रांगेतली माणसं आता जिथे एक पैसाही वाचत नाही तिथेही डबा नेतात. कोपऱ्यावरच्या डेअरीत पनीर आणि दही घ्यायला आमच्या इमारतीतल्या तीन घरांतून स्टीलचे डबे जातात. डेअरीवाले दादा आधी वैतागायचे, आता विचारतात, “डबा नाही आणला आज?” आमच्या शेजारच्या वहिनी कोळणीकडून पापलेट घ्यायला झाकणाचा डबा नेतात, घरी येईपर्यंत पिशवीतून पाणी गळत नाही म्हणून. डेअरी किंवा कोळीण कुणालाच सूट देत नाही. सवय पैशासाठी सुरू झाली असेल, पण पैसे नसलेल्या ठिकाणी ती स्वतःच्या पायांनी गेली.

प्लास्टिकबंदीच्या कायद्याचं याआधी काय झालं तेही आठवून पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारं तुंबली, प्लास्टिकच्या पिशव्यांकडे सगळ्यांनी बोट दाखवलं आणि २००६ मध्ये राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी आली. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना, त्याच वर्षी २३ जूनपासून कारवाई, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद. पुढे १ जुलै २०२२ ला एकदाच वापरायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन. २०१८ च्या त्या जूनमध्ये आठ-पंधरा दिवस सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या होत्या, हे ठाणेकरांना आठवत असेल. दंडाची भीती ओसरली तशा पातळ पिशव्या काउंटरखालून पुन्हा वर आल्या. मी कायद्याच्या विरोधात नाही, तो हवाच. पण पथक येऊन गेलं की दुकानदार पुन्हा पिशवी काढतो, आणि पुढच्या माणसाने डबा काढलेला पाहून आपण काढलेला डबा पथक असो-नसो बाहेर येतो, हा फरक मी या गल्लीत रोज पाहते.

आमच्या कंपनीत तंबाखूमुक्तीचं शिबिर झालं तेव्हा डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं, तो मी नंतर शोधून वाचला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथे १९४८ पासून लोकांच्या हृदयाच्या आरोग्याचा पाठपुरावा चालू आहे. त्या नोंदींतून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ माणसांची एकमेकांशी नाती जोडून पाहिली. कोणी सिगरेट सोडली की त्याच्या आसपास काय होतं, हा प्रश्न. २००८ मध्ये छापून आलेल्या त्या लेखात दिसलं की नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, छोट्या कंपनीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी, भावंडाने सोडली तर २५ टक्क्यांनी. आणि शेजाऱ्यांचा? काहीच परिणाम नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याने सिगरेट सोडली काय, न सोडली काय, फरक शून्य.

शेजाऱ्यांचं वाचून मी चमकले. वहिनी, डेअरी, आमची इमारत, हे सगळं तर शेजारच. मग विचार केला तेव्हा कळलं की आमच्या इमारतीतसुद्धा डबा भिंतीतून पलीकडे गेलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या ज्या घराशी आमचं फक्त लिफ्टमध्ये हसण्यापुरतं नातं आहे, तिथे रोज पार्सलच्या प्लास्टिकची थप्पी कचऱ्यात पडते. वहिनींशी माझं बोलणं आहे, आम्ही एकत्र रांगेत उभ्या राहतो, एकमेकींच्या डब्याची झाकणं बदलली जातात आणि दुसऱ्या दिवशी परत होतात. सवय गेली ती या ओळखीच्या वाटेने. जवळ राहणं पुरत नाही, एकमेकांशी काहीतरी चालू असावं लागतं.

या अभ्यासावर आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. एकाच स्वभावाची माणसं मुळातच एकमेकांशी मैत्री करतात, मग एकाची सवय दुसऱ्याला लागली की दोघांनाही ती आपापली लागली, हे कसं ओळखायचं? दोन संशोधकांनी २००८ मध्येच अशाच पद्धतीने किशोरवयीन मुलांच्या नोंदी तपासल्या तर मुरमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांकडून लागते असा निष्कर्ष निघाला. उंची काही कुणाकडून लागत नाही. तेव्हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. प्रयोगशाळेत आम्हीही दोन प्लेटवर एकच जिवाणू सापडला म्हणून एकावरून दुसऱ्यावर गेला असं लिहीत नाही, पाणी एकच होतं का ते आधी बघतो.

इथे मात्र एक गोष्ट अशी घडली की माझी शंका बरीचशी फिटली. मागच्या मे महिन्यात काकू पुतण्याच्या लग्नाला गुहागरला गेल्या. दुकान सुरूच होतं. लाटणाऱ्या बायका त्याच, काउंटरवर त्यांच्या नात्यातला एक मुलगा बसला होता. तरतरीत, हिशेबाला पक्का, पण पैसे घ्यायचा आणि त्याच हाताने पोळ्या मोजायचा. मी बोलणार तेवढ्यात माझ्या पुढे उभे असलेले आजोबा म्हणाले, “बाळा, आधी हात धू. इथे तशी पद्धत आहे.” मुलगा गोंधळला. लाटता लाटता मागच्या एका बाईंनी न बघता नळाकडे बोट केलं. त्याने हात धुतले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मागच्या बायकांपैकी एक जण फक्त पोळ्या द्यायला उभी होती आणि मुलगा फक्त पैसे घेत होता. ही व्यवस्था काकूंच्या डोक्यातलीही नव्हती. ती रांगेने आणि त्या बायकांनी मिळून काढली. काकू परत आल्यावर त्यांनी ती तशीच ठेवली.

काकू काउंटरवर असताना सगळे नीट वागत होते ते त्यांच्या भिडेने, असं कुणी म्हणू शकलं असतं. पण भीड दाखवायची ती व्यक्ती लांब गुहागरला लग्नात होती. उरली होती ती रांग, आणि रांगेला आता आपलं काय ते माहीत होतं. आजोबांनी ‘इथे तशी पद्धत आहे’ म्हटलं, ‘काकूंना आवडत नाही’ असं नाही. मला वाटतं एखाद्याची सवय इतरांची झाली हे ओळखायचं ते असंच, ज्याची सवय त्याच्या गैरहजेरीत.

हात धुण्याच्या बाबतीत मला इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांची गोष्ट नेहमी आठवते, आमच्या विषयात ती पहिल्या वर्षाला शिकवतात. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात एका प्रसूतिकक्षात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या अठराहून अधिक बाळंतिणी दगावत होत्या. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला येत. सेमेलवाइसनी मे महिन्याच्या मध्यापासून क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आलं. इतका ढळढळीत पुरावा समोर असूनही त्यांची सवय युरोपभर पसरली नाही. त्यांनी लिहून मांडणी केली तीच मुळात उशिरा, १८६१ मध्ये, आणि विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवलं. हात धुण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं होतं. १८६५ मध्ये ते मनोरुग्णालयात वारले. आपल्या हातांनी बायका मेल्या हे ज्याला कबूल करावं लागेल असा डॉक्टर हात धुवायला पुढे कसा येईल? मी याकडे आरोग्याच्या इतिहासातली हळहळ म्हणून पाहत होते. या दुकानाच्या ओट्यापाशी उभी राहून मला त्यातला दुसरा भाग दिसला. काकू कुणालाच आधीच्या वागण्याची कबुली द्यायला लावत नाहीत. काल पिशवी मागणारा माणूस आज डबा पुढे करतो तेव्हा त्याला कुणी ‘आता कशी आठवण झाली’ म्हणत नाही. त्याचा डबा काट्यावर जातो, काटा शून्यावर येतो.

सगळीकडे हे झालंय असं मी म्हणणार नाही. ॲपवरून मागवणाऱ्यांना काकूंची सवय पोचतच नाही. न्यायला येणाऱ्या मुलाकडे गिऱ्हाइकाचा डबा नसतो आणि गिऱ्हाइकाला नळ दिसत नाही. गेल्या वर्षापासून त्यांनी ॲपवर दुकान चढवलं, धंद्याला ते हवं हे मला समजतं, पण त्या ऑर्डरींना कागदी डबे लागतात आणि ते वाढत चाललेत. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात, तेव्हाही सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत. आणि माझा मुलगा. कॉलेजात आहे, काकूंकडच्या भाकरीवर जीव आहे त्याचा, पण डबा न्यायचा म्हटलं की कंटाळा. रोज मला पाहतो, त्याच्या आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना पाहतो, तरी पाच रुपये देऊन कागदी डबा घेऊन येतो. घरात सांगून झालं, दाखवून झालं. मात्र परवा त्याच्या मित्राने स्टेशनजवळच्या खोलीत राहणाऱ्या मुलांसाठी अनामतीचा स्टीलचा डबा घेतला, तर हाही दोन डबे घेऊन आला. आईपेक्षा मित्राचं वजन जास्त, हे मला मान्य करायला काहीच हरकत नाही. डबा आला ना घरात.

आमच्या सासऱ्यांचं सांगायचं राहिलं. ते ७९ वर्षांचे आहेत, रोज सकाळी तलावपाळीला फेरी मारतात. त्यांना काकूंकडे न्यायला मी सुरुवात केली ती केवळ पाय मोकळे व्हावेत म्हणून. आता ते तलावावरच्या त्यांच्या कट्ट्यावरच्या मित्रांना दुपारी घेऊन येतात. चार म्हातारे, चार डबे. त्यातल्या एकांना त्यांच्या सुनेने विचारलं की तुम्ही रोज डबा कुठे नेता, मग ती सून संध्याकाळच्या रांगेत आली. त्या सुनेची आणि माझी ओळख त्या नळापाशी झाली.

आता तक्रारी, कारण परीक्षण अर्धवट नको. संध्याकाळी सात ते आठ या वेळेत थांबायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात ओट्यावरचं छप्पर अपुरं पडतं, नळाजवळ उभं राहिलेला माणूस भिजतोच. तो नळ रस्त्याच्या कडेला असल्याने खाली शेवाळ धरतं, पाय घसरतो. वयस्कर लोक येतात, तिथे खडबडीत फरशी बसवायलाच हवी, काकूंना मी सांगितलंय. घासणी रोज बदलायला हवी. ओली घासणी दिवसभर पडून राहिली की तिच्यात जिवाणू वाढतात आणि मग धुतलेला डबा कशाला धुतला असं होतं. सध्या ती आठवड्याने बदलतात. याबद्दल मी पुन्हा बोलणार आहे, आणि तोवर माझी घासणी मी बॅगेत ठेवते. रांगेतल्या दोघीतिघींनी आता स्वतःच्या आणायला सुरुवात केली आहे. उसळीत कधीकधी मीठ कमी-जास्त होतं. काउंटरवर पदार्थांचे भाव लिहिलेले नाहीत, ते लिहावेत, नवीन माणूस विचारायला संकोचतो.

काही कामाच्या गोष्टी. दुकान सकाळी साडेसात ते दुपारी दोन आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ. सोमवारी बंद. भाकरी हवी तर संध्याकाळी साडेसातच्या आत जा किंवा दुपारीच सांगून ठेवा. संकष्टीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ-दाण्याची आमटी असते, ती सकाळीच संपते. बिरडं मंगळवारी आणि शुक्रवारी. पुरणपोळीची ऑर्डर दोन दिवस आधी, मोदकांची आठवडाभर आधी, आगाऊ पैसे द्यावे लागतात. मोठ्या ऑर्डरला पातेलं घरून नेलं तर चालतं, त्याचंही वजन आधी शून्य करून घेतात.

डबा नेताना पोळ्यांसाठी पसरट आणि किमान सात इंच रुंदीचा न्या, नाहीतर पोळी दुमडावी लागते आणि पदर मोडतात. गरम पोळ्यांवर लगेच झाकण घट्ट लावू नका, वाफेने खालच्या ओल्या होतात. आत सुती फडकं घातलं की उत्तम. रसभाजीला क्लिपचं झाकण हवं. अळूच्या फतफत्यासाठी एक आकार मोठाच डबा घ्या, पाव किलोने कुणाचंच भागत नाही.